रफार उशिरा पडायचा : जुनी फ्लॅश कार्डं, शॉकवेव्ह आणि बाकीचा पसारा

सुतारपक्षी (धागाकर्ता)

माळा आवरताना सीडींची एक थप्पी सापडली. एकीवर मार्करने 'दिवाळी २००१ फायनल' लिहिलंय, दुसरीवर 'दिवाळी २००१ फायनल खरी'. दुसरी चालली. आत तीन गोष्टी आहेत : एक ६१ केबीची एसडब्ल्यूएफ (फ्लॅशची फाइल), एक डीसीआर (शॉकवेव्हची फाइल; ही मी केलेली नाही, मित्राची) आणि एचटीएमएल पानांचं एक फोल्डर, त्यात मिडी (संगीताच्या) फाइली.

एसडब्ल्यूएफ माझी. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. फ्लॅश ५ या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर रात्री जागून दिवाळी पाडव्याचं कार्ड केलं होतं. काळं आकाश, खाली पणत्यांची ओळ. एकेक पणती लागते तसं वर 'नूतन वर्षाभिनंदन' एकेक अक्षर उमटतं. सगळं लिहून होतं, पण 'वर्षा'वरचा रफार नसतो. एक क्षण तसंच थांबतं, मग घंटेचा टण् आवाज येतो आणि रफार वरून येऊन बसतो. त्या रफारावर मी इतका खूश होतो की आठवडाभर दिसेल त्याला दाखवत हिंडलो.

मूळ एफएलए फाइल (जिच्यात बदल करता येतात ती) फ्लॉपीवर होती आणि ती फ्लॉपी आता फक्त करकरते. प्रश्न दोन. एक, हे आज कसं बघायचं? दोन, तुमच्यापैकी कोणी त्या काळात असले उद्योग केलेत का? केले असतील तर कसे केले ते सविस्तर लिहा. 'आमच्या वेळी मजा होती' एवढ्यावर सोडू नका.

---

डांबरट

रफल वापर. फ्लॅश प्लेअर अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तर त्यात चित्रफीत चालूच द्यायची नाही अशी सोय आधीच करून ठेवली होती. रफल म्हणजे तोच प्लेअर लोकांनी रस्ट भाषेत नव्याने लिहिला, तो ब्राउझरमध्ये चालतो. इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी फ्लॅशही त्याच्यावरच चालते. २००१ ची फाइल म्हणजे जुनी ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशच्या आतली भाषा), ती बहुतेक निमूट चालेल.

डीसीआर मात्र विसर.

---

खडूफळा

फ्लॅश नाही, पण त्याच्या आधीचं सांगतो.

१९९७-९८ ची गोष्ट. मी नुकताच शाळेत लागलो होतो. शाळेत एक संगणक, इंटरनेट नाही. पण एचटीएमएलला इंटरनेट कुठे लागतं? मुलांना घेऊन सह्याद्रीतल्या किल्ल्यांचा नकाशा करायचं ठरवलं. भिंतीवरचा नकाशा स्कॅन केला (स्कॅनर एका पालकांच्या डीटीपीच्या दुकानात), तो जीआयएफ केला आणि त्यावर इमेज मॅप. राजगडावर टिचकी मारली की राजगडाचं पान, तोरण्यावर मारली की तोरण्याचं.

इमेज मॅपला प्रत्येक जागेचे कोऑर्डिनेट लागतात. आमच्याकडे त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर नव्हतं. चित्र पेंटमध्ये उघडायचं, किल्ल्यावर माउस न्यायचा आणि खालच्या पट्टीत जे दोन आकडे दिसतात ते मुलाने मोठ्याने ओरडायचे. दुसरा मुलगा ते आलेखाच्या वहीत लिहायचा. सातवीच्या मुलांना एक्स-वाय अक्ष त्या आठवड्यात जितके समजले तितके मी वर्षभर फळ्यावर शिकवूनही समजले नसते. एकच गोंधळ व्हायचा : गणितात वाय वर वाढतो, पडद्यावर खाली. त्यामुळे पहिल्या दिवशी टिचक्या मारल्या राजगडावर आणि पोचलो भलतीकडेच.

प्रत्येक पानाला मिडी लावली होती. इंटरनेट एक्सप्लोररला बीजीसाउंड, नेटस्केपला (तेव्हाचा दुसरा ब्राउझर) एम्बेड, दोन्ही ओळी लिहाव्या लागत. मिडीत आवाज साठवलेला नसतो, फक्त कुठला सूर कधी वाजवायचा एवढं लिहिलेलं असतं. म्हणून ती दहा-वीस केबीत मावायची आणि म्हणूनच प्रत्येक संगणकावर वेगळी वाजायची. माझ्या कल्पनेतली तुतारी शाळेच्या साउंडकार्डावर पिपाणी होऊन बाहेर पडली.

---

मोडेमची_किंकाळी

खडूफळा सर, पिपाणी :D :D

मी काही बनवलं नाही, मी फक्त बघायचो. पण बघणं हासुद्धा उद्योगच होता. सायबर कॅफे तासाला ४० रुपये. एक फ्लॅश उतरायला पाच मिनिटं, म्हणजे तीन-साडेतीन रुपयांना एक बदक नाचताना बघायचं. मग एका दादाने युक्ती शिकवली. फ्लॅश एकदा पूर्ण उतरली की ती 'टेम्पररी इंटरनेट फाइल्स'मध्ये पडलेली असते. तिथून उचलायची, १.४४ च्या फ्लॉपीवर टाकायची, घरी नेऊन एक्सप्लोररच्या खिडकीत ओढून सोडायची. घरी फोनसुद्धा नव्हता, पण माझ्याकडे चाळीसेक फ्लॅश होत्या. गल्लीतली पोरं बघायला यायची.

फ्लॉपीवर जागा कमी म्हणून निवड करावी लागे. ३०० केबीच्या वरचं काही घ्यायचो नाही.

---

अनघा_के

डांबरट, डीसीआर इतक्या लवकर सोडून देऊ नका हो, तिथे माझी तीन वर्षं आहेत.

१९९८ मध्ये मी मुंबईत एका मल्टिमीडिया स्टुडिओत होते. काम मुख्यतः सीडी-रॉमचं : कंपन्यांची सादरीकरणं, मुलांचे खेळ, एक पाककृतींची सीडीसुद्धा. हत्यार एकच, मॅक्रोमीडिया डायरेक्टर. सगळी भाषा नाटकाची. पडदा म्हणजे स्टेज, सामान म्हणजे कास्ट, कोण कधी येणार-जाणार त्याचा तक्ता म्हणजे स्कोअर. डायरेक्टर ५ मध्ये ४८ चॅनेल मिळायचे, म्हणजे स्टेजवर एका वेळी जास्तीत जास्त ४८ वस्तू. ६ मध्ये १२० झाले तेव्हा आम्ही वडे मागवले होते.

आत लिंगो नावाची भाषा होती. तिच्यातली निम्मी कामं एकाच ओळीवर चालत : 'गो टू द फ्रेम'. म्हणजे आहे त्याच चौकटीत परत ये. प्रेक्षक बटण दाबेपर्यंत नाटक तिथेच घुटमळत ठेवायचं. परस्परसंवादी वगैरे मोठे शब्द माहितीपत्रकात असायचे, आत हे घुटमळणं.

१९९५ मध्ये शॉकवेव्ह आलं, आणि सीडीवरचं तेच नाटक नेटस्केपच्या पानात दाखवता येऊ लागलं. आफ्टरबर्नर नावाचं एक्स्ट्रा (डायरेक्टरला लावायची जोडणी) फाइल आवळून डीसीआर करून द्यायचं. पण आमची सवय ६५० एमबीची! एका साहेबांनी 'हीच सीडी वेबवर टाका' म्हणून सांगितलं. आवळून आवळून ती ४ एमबीवर आणली आणि ऑफिसच्या मोडेमवर लावून जेवायला गेलो. जेवून आलो, चहा झाला, पट्टी अजून निम्म्यावर. साहेब म्हणाले, 'अजून थोडं कमी करता येईल का?'

तर त्या डीसीआरबद्दल. शॉकवेव्ह प्लेअर अडोबीने एप्रिल २०१९ मध्ये बंद केला. एसडब्ल्यूएफची रचना मॅक्रोमीडियाने स्वतःच प्रसिद्ध केली होती, म्हणून रफलसारखी कामं निदान सुरू तरी होऊ शकली. डायरेक्टरची रचना कधीच बाहेर आली नाही. लोक एकेक बाइट चाचपत ती उलगडतायत. स्कमव्हीएम या जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये डायरेक्टरच्या जुन्या आवृत्त्यांचं काम चाललंय, आणि प्रोजेक्टररेज नावाचं एक साधन बंद फाइलमधली लिंगो परत वाचता येईल अशी काढून देतं. मित्राची फाइल चालली नाही तरी आत काय लिहिलंय ते कदाचित कळेल.

---

सुतारपक्षी

अनघाताई, प्रोजेक्टररेज लावलं. मित्राने काय केलं होतं ते कळलं : कॅरम. सोंगट्यांच्या टकरीचं सगळं गणित लिंगोत आणि प्रत्येक व्हेरिएबलचं नाव आमच्या वर्गातल्या मुलींचं. त्याला स्क्रीनशॉट पाठवलाय. उत्तर नाही.

---

पाटीपेन्सिल

सगळे गहिवरलेत म्हणून थोडं मिठाचं पाणी ओततो.

मी तेव्हाही फ्लॅशच्या विरोधात होतो. दुकानाचा फोन नंबर हवा म्हणून पान उघडावं, तर आधी 'लोडिंग ३७ टक्के', मग गोल फिरणारा लोगो, मग ढोल, आणि कोपऱ्यात मुंगीएवढं 'स्किप इंट्रो'. आत गेलं तर मजकूर निवडता येत नाही, शोधता येत नाही, मागे जायचं बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून ढोल. मी एका अंध सहकाऱ्याबरोबर काम करत होतो. त्याच्या वाचक-सॉफ्टवेअरला अख्खं पान म्हणजे एक रिकामा चौकोन. वेबच्या वापरसुलभतेचा जाणकार याकोब नील्सन याने २००० साली फ्लॅश ९९ टक्के वाईट असं लिहिलं तेव्हा मला तो एक टक्काही उदार वाटला होता.

आणि सुरक्षेचं काय? २००० च्या अखेरीस 'छान फ्लॅश चित्रफीत आहे' म्हणून क्रिएटिव्ह डॉट ईएक्सई नावाची फाइल मेलने फिरत होती, ती प्रत्यक्षात कृमी (मेलने आपोआप पसरणारा व्हायरस) निघाली. माझ्या सगळ्या फोटोंची नावं बदलली, प्रत्येकाच्या मागे 'आता तरी लिनक्सवर जा' अशा अर्थाची इंग्रजी शेपटी. सल्ला योग्य होता, पद्धत चुकीची.

---

अनघा_के

पाटीपेन्सिल, अंध वाचकांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आम्ही विचारच केला नव्हता.

पण ढोलाचं खापर फ्लॅशवर का? ढोल गिऱ्हाईक मागायचं. 'लोगो थोडा अजून फिरवा' हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय ते विचारू नका. आणि 'स्किप इंट्रो' मोठं करा म्हटलं की उत्तर यायचं, 'मग पैसे कशाचे देतोय?'

---

डांबरट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तोवर थोडा इतिहास. फ्लॅशचं मूळ वेबमध्ये नाहीच. जोनाथन गे आणि मंडळींनी १९९३ मध्ये फ्युचरवेव्ह काढली ती पेनने चालणाऱ्या संगणकांवर चित्र काढायच्या सॉफ्टवेअरसाठी. ते संगणक बाजारात आपटले. मग त्याच चित्रकलेला हालचाल जोडली, वेबवर दाखवायला आधी जावा भाषेत प्लेअर लिहिला, तो गोगलगाय. नेटस्केपने प्लगिनचं (बाहेरचा प्रोग्राम ब्राउझरला जोडायचं) दार उघडल्यावर गाडी पळाली. १९९६ मध्ये फ्युचरस्प्लॅश ॲनिमेटर आलं आणि वर्ष संपता संपता मॅक्रोमीडियाने कंपनी घेतली. फ्युचर आणि स्प्लॅश मिळून फ्लॅश.

गंमत म्हणजे फ्युचरवेव्हने त्याआधी अडोबीचं दार ठोठावलं होतं, त्यांनी नको म्हटलं. २००५ मध्ये त्याच अडोबीने अख्खी मॅक्रोमीडिया विकत घेतली.

---

मोडेमची_किंकाळी

जावावरून आठवलं. फोटोच्या खालच्या निम्म्यात पाणी हलतंय असं दाखवणारं ॲपलेट (पानात चालणारा छोटा जावा प्रोग्राम) कोणाकोणाला आठवतंय? देऊळ असो, ताजमहाल असो, नाहीतर नेत्याचा फोटो असो, खाली पाणी हलणारच. आणि ते सुरू होईपर्यंत ब्राउझर गोठलेला.

---

बापू_जर्सी

१९९६ पासून इकडे आहे. तुम्ही बनवत होता ते आमच्याकडे पोचायचं, म्हणून बघणाऱ्याची बाजू लिहितो.

आधी आवाजाचं. रिअलऑडिओ १९९५ चं, अगदी १४.४ च्या मोडेमवरही बोलणं ऐकू यावं अशी आवळणी. गाणं ऐकताना गायक पत्र्याच्या डब्यात बसून गातोय असं वाटे, तरी ऐकायचो. पानावर दुवा असायचा रॅम फाइलचा. मी कौतुकाने ती उतरवून भारतात पाठवली तर भाऊ म्हणतो, आत काहीच नाही. खरंच नव्हतं. रॅम म्हणजे एका ओळीची साधी मजकुराची फाइल, तिच्यात खऱ्या फाइलचा पत्ता. मी गाणं समजून पाकीट पाठवलं होतं, तेही रिकामं.

पण खरा त्रास मराठीचा. मेलने, पानांवर मराठी आलं की समोर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची मिसळ. कारण मराठी फॉन्ट म्हणजे आतून इंग्रजी अक्षरांच्या जागी काना-मात्रा बसवलेले. ज्याच्याकडे तो फॉन्ट त्यालाच मराठी दिसणार. एकाची पानं शिवाजीत, दुसऱ्याची किरणमध्ये, तिसऱ्याची सीडॅकच्या योगेश नाहीतर सुरेखमध्ये, वर्तमानपत्रांचे आणखी वेगळे. माझ्या संगणकावर दोन डझन मराठी फॉन्ट होते आणि तरी पंचविसावा लागायचाच.

त्यात एक दिवस फ्लॅशचं कार्ड आलं आणि त्यातलं मराठी काहीही न करता, स्वच्छ, वळणदार दिसलं. मला ती जादू वाटली होती. आजतागायत त्यामागचं कारण कळलेलं नाही. कोणी सांगेल का?

---

सुतारपक्षी

बापू, कारण सोपं आहे. कंट्रोल-बी! श्रीलिपीच्या फॉन्टात अक्षरं टाकायची, मग 'ब्रेक अपार्ट' करायचं, की अक्षर हे अक्षर न राहता चित्र होतं. चित्राला फॉन्ट लागत नाही.

---

अनघा_के

सुतारपक्षी, अर्धंच बरोबर. :)

साधा स्थिर मजकूर असेल तर कंट्रोल-बी नाही केलं तरी चालायचं. एसडब्ल्यूएफ करताना फ्लॅश त्या मजकुरात वापरलेल्या अक्षरांच्या बाह्यरेषा फाइलमध्ये आपसूक बांधून द्यायचं. तेवढ्याच, अख्खा फॉन्ट नाही. म्हणून बापूंना न्यू जर्सीत मराठी दिसलं. कंट्रोल-बी लागायचं ते एफएलए दुसऱ्याच्या संगणकावर न्यायची असेल तेव्हा, किंवा अक्षराचा आकार वितळवून दुसरा करायचा असेल तेव्हा.

त्या जुन्या फॉन्टांची एक गोष्ट मात्र आजच्या युनिकोडवाल्यांना (सगळीकडे एकच अक्षरसंकेत वापरणाऱ्यांना) मिळणार नाही. त्यांत काना वेगळं चिन्ह, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. डीटीपीवाल्यांची ती डोकेदुखी, पण ॲनिमेशनवाल्यांची चंगळ. वेलांटी आधी आणा, अक्षर मागून आणा, अनुस्वार चेंडूसारखा उडवा. तुझा रफार उशिरा पडू शकला तो त्यामुळेच. युनिकोडमध्ये तो स्वतंत्र नसतोच, र आणि हलन्त मिळून घडतो.

आणि युनिकोड आल्यावर काय झालं तेही सांगते. २००२ च्या फ्लॅश एमएक्समध्ये युनिकोड आलं म्हणून आम्ही नाचलो. मजकूर बाहेरच्या फाइलमधून घेतला, फॉन्ट आत बांधला, बघतो तर जोडाक्षरं सुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसलेली! अक्षरांची जुळणी करायची अक्कल आतल्या फॉन्टाबरोबर येत नव्हती. ती नीट आली २००८ च्या प्लेअर १० मध्ये. तोवर आम्ही सहा वर्षं आपले जुन्या फॉन्टावरच.

---

बापू_जर्सी

अनघाताई, आज वीस वर्षांचं कोडं सुटलं. चहा लागू.

---

पाटीपेन्सिल

वरच्या प्रतिसादासाठी मी माझा ९९ टक्क्यांचा आकडा ९८ करतो.

---

खडूफळा

अवांतर : मध्ये काही काळ कुठलीही फ्लॅश चालवायला आधी तिच्यावर एकदा टिचकी मारावी लागे, भोवती करडी चौकट यायची. तसं का होतं?

---

डांबरट

सर, पेटंट. पानाच्या आत दुसरा प्रोग्राम चालवण्याच्या कल्पनेवर इओलास नावाच्या छोट्या कंपनीचं आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं पेटंट होतं. २००३ मध्ये ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला ५२ कोटी १० लाख डॉलर भरायला सांगितलं. पुढे खटला वरखाली होत राहिला, पण २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरळ एक्सप्लोररच बदलला : आधी टिचकी, मग चालणार. लोकांनी लगेच पळवाट काढली. फ्लॅशचा टॅग पानात न लिहिता बाहेरच्या जावास्क्रिप्टमधून लिहायचा, की टिचकी नको. एसडब्ल्यूएफऑब्जेक्ट ही त्यासाठीची तयार स्क्रिप्ट घरोघरी पोचली त्यात या टिचकीचा मोठा हात.

---

सुतारपक्षी

अपडेट. रफलवर चालली!! पणत्या लागल्या, अक्षरं उमटली. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

दोन गडबडी आहेत. शेवटी 'आपला' म्हणून नावाची चौकट होती, कार्ड पाठवणाऱ्याने त्यात नाव टाइप करायचं. तिथे मी घातलेलं नाव आज इंग्रजी मिसळ दिसतंय. अनघाताईंच्या स्पष्टीकरणावरून कळलं की ती चौकट स्थिर मजकूर नव्हती, त्यामुळे फॉन्ट आत गेलाच नाही. बापू, तुम्हालाही तेव्हा अशीच दिसली असणार.

दुसरी गडबड जिव्हारी लागली. रफार घंटेच्या आधीच पडतो. जवळजवळ तीन सेकंद आधी. घंटा मागून, रिकाम्या आकाशात, उगाच वाजल्यासारखी. तेव्हा अगदी जुळत होतं, शपथेवर सांगतो. रफलचा दोष का?

---

अनघा_के

रफलचा नाही, तुझा. :) आवाज 'इव्हेंट' ठेवला होतास ना, 'स्ट्रीम' (चित्राशी बांधलेला) नाही? आणि संगणक कुठला होता?

---

सुतारपक्षी

पेंटियम १६६, ३२ एमबी रॅम. इव्हेंट की स्ट्रीम आठवत नाही. मला तेव्हा फरक माहीत नव्हता.

---

अनघा_के

मग झालं. फ्लॅशची फाइल नव्याने उघडली की सेकंदाला १२ फ्रेम. तू ते आकडे बदलले नसणार. पण तुझ्या संगणकाला एवढ्या पणत्यांचं पारदर्शक झगमग १२ च्या वेगाने जमतच नव्हतं. तो कण्हत कण्हत सात-आठ फ्रेम दाखवायचा. इव्हेंट आवाज एकदा सुरू झाला की टाइमलाइनकडे बघत नाही, आपल्या चालीने पुढे जातो. घंटा ज्या ध्वनिफितीत होती ती बरोबर वेळेत वाजायची, चित्र मागे रेंगाळायचं, आणि तू डोळ्याने बघून दोन्ही जुळवलंस. म्हणजे तू कार्ड त्या संगणकाच्या धापेवर बेतलंस. आजच्या यंत्राला धाप लागत नाही. ते प्रामाणिकपणे १२ दाखवतं.

आमच्याकडे यासाठी मुद्दाम सगळ्यात रद्दी संगणक ठेवलेला असे. आणि उतरण्याच्या वेगासाठी फ्लॅशमध्येच बँडविड्थ प्रोफायलर होता. त्यात २८.८ चा मोडेम निवडला की सेकंदाला २.३ केबी धरून दाखवायचा. तुझे ६१ केबी म्हणजे सव्वीस-सत्तावीस सेकंद. पणत्यांची ओळ तेवढ्यात लागावी म्हणून हळू ठेवली होतीस का?

---

सुतारपक्षी

नाही हो ताई. हळूच सुंदर दिसत होती म्हणून.

---

डांबरट

एफएलए नसली तरी चालेल. जेपेक्स डीकंपायलरमध्ये (तयार फाइल उलगडणारं साधन) एसडब्ल्यूएफ उघड, हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) फ्रेम रेट दिसेल, तो बदलून साठव. अपूर्णांकही चालतो, त्याच्यासाठी दोन बाइट असतात, एक पूर्णांकाचा, एक खालच्या भागाचा.

नावासाठी रफल बाजूला ठेव. अडोबीचा सुटा प्लेअर, म्हणजे प्रोजेक्टर, मिळव, तो ब्राउझरमध्ये नसतो आणि त्याला ती १२ जानेवारीची कात्री नाही. संगणकावर तो जुना फॉन्ट बसव. चौकट फॉन्टाचं नाव शोधते, तो सापडला की झालं.

---

बापू_जर्सी

कुठला फॉन्ट होता? माझ्याकडे दोन डझन आहेत अजून. थट्टा नाही, सीडीवर आहेत.

---

सुतारपक्षी

बापू, शिवाजी०१. जेपेक्समध्ये नाव दिसलं. मिळाला, बसवला. चौकटीत वाचता येतंय आता : 'आपला, पिंट्या'. मी स्वतःला पिंट्या म्हणून सही करत होतो हे पूर्ण विसरलो होतो.

फ्रेम रेट ८ केला, रफार अजून किंचित आधी. ७ केला, घंटा आधी. साडेसातवर बरोबर बसला.